आयसीयूतली नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय? खेड्यातून निघण्याआधी हे वाचा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्या-मजुरांनी वॉर्ड भरले होते. मी तेव्हा नुकतीच ड्यूटीला लागलेली स्टाफ नर्स. ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) वाढवा म्हटलं की वाढवायचे, कमी करा म्हटलं की कमी करायचे. ते का वाढवतात हे नीट कळत नव्हतं. एका पहाटे पस्तिशीचा एक पेशंट माझ्यासमोर बिघडत गेला. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकलेले. हातात औषध होतं, डोक्यात उत्तर नव्हतं. तो माणूस वाचला, पण त्या पंधरा मिनिटांनी मला पुढच्या शिक्षणाकडे ढकललं. मागून येणाऱ्या पोरींना आणि ब्रदर लोकांना माझ्याइतकं चाचपडावं लागू नये म्हणून हे सगळं एका जागी लिहिते आहे.

आधी कोर्स कोणता ते पक्कं करा

आपल्याकडे तीन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, असतात ते समुदाय आरोग्य अधिकारी. त्यासाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं, ती पदव्युत्तर पदवी नव्हे. दुसरं, बाळंतपणासाठीचं मिडवायफरीतलं नर्स प्रॅक्टिशनर प्रशिक्षण. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतून आलेलं हे प्रशिक्षण १८ महिन्यांचं. तिसरा कोर्स म्हणजे एम.एस्सी. नर्सिंग, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, म्हणजे आयसीयूतल्या गंभीर पेशंटच्या काळजीचं पुढचं शिक्षण. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हा दोन वर्षांचा निवासी स्वरूपाचा अभ्यासक्रम, आणि मी पुढे बोलणार आहे तो याच्याबद्दल. साध्या एम.एस्सी.त आणि यात मोठा फरक हा की इथे वर्ग कमी आणि बेडसाइड जास्त. तुम्ही विद्यार्थी असता आणि त्याच वेळी आयसीयूच्या ड्यूटीवरही असता.

आणखी एक गोष्ट घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. या पदवीने स्वतःचा दवाखाना टाकता येत नाही. परदेशातल्या नर्स प्रॅक्टिशनरबद्दल मोबाइलवर जे दिसतं ते तिथल्या कायद्यानुसार. आपल्याकडे ही नर्स दवाखान्याच्या ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये आणि स्टँडिंग ऑर्डरखाली (आधीच लिहून दिलेल्या सूचनांखाली), डॉक्टरांच्या टीममध्ये काम करते. तरीही मला एक गोष्ट फार आवडते: ही कल्पनाच मुळात डॉक्टर न पोचणाऱ्या भागांसाठी जन्मली. १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने नर्सना पुढचं प्रशिक्षण देऊन पहिला असा कोर्स सुरू केला. त्यांच्यासमोर होती दुर्गम भागातली मुलं. आपल्या विदर्भातल्या झरी जामणी, एटापल्ली, धारणी या दुर्गम तालुक्यांचं दुखणंही तेच आहे.

कागद

पात्रता साधारण अशी: बी.एस्सी. नर्सिंग, त्यात किमान ५५ टक्के, नर्सिंग कौन्सिलची आरएन-आरएम (नर्स आणि मिडवाइफ म्हणून) नोंदणी, आणि प्रवेशाआधी किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव, शक्यतो क्रिटिकल केअरमधला. प्रवेशाची पद्धत आणि तारखा त्या त्या वर्षाच्या अधिसूचनेत पाहा, मैत्रिणीच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

माझा एक महिना वाया गेला तो नावाच्या स्पेलिंगपायी. दहावीच्या सनदेवर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी, नोंदणीच्या प्रमाणपत्रावर एक जास्त. कागद तपासणाऱ्या बाईंनी फाइल परत केली. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, तालुक्याच्या चकरा, आणि तोवर पहिली फेरी संपली. म्हणून आजच सगळे कागद जमिनीवर ओळीने पसरून ठेवा आणि बोट ठेवून प्रत्येकावरचं नाव वाचा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी रिन्यू आहे का तेही बघा. जातीचा दाखला लागणार असेल तर वैधता प्रमाणपत्राचं काम सगळ्यात आधी हाती घ्या, त्याला किती दिवस लागतील हे कोणीच सांगू शकत नाही. परराज्यात शिकायला जायचं असेल तर तिथल्या कौन्सिलच्या नोंदणीचं काय, हे प्रवेश घेण्याआधी विचारा.

अनुभवाच्या दाखल्याबद्दल थोडं जास्त सांगते. छोट्या खासगी हॉस्पिटलात दोन-दोन वर्षं राबलेल्या मुलींना सोडताना एका ओळीचं पत्र मिळतं: ‘यांनी आमच्याकडे काम केले.’ याचा उपयोग होत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या युनिटला, किती बेडच्या, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यासह हवं. आणि हे मागायचं ते राजीनामा देण्याआधी. पगार हातात रोख मिळत असेल तर बँकेत घ्यायला सुरुवात करा, नोंद राहते.

कॉलेज निवडताना

मान्यता इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत, याच कोर्सच्या नावासमोर, चालू वर्षासाठी आहे का ते बघा. कॉलेजला बी.एस्सी.ची मान्यता असली म्हणजे याचीही असते असं नाही. मग एकदा प्रत्यक्ष जा. प्राचार्यांना भेटा, पण त्यांच्यापेक्षा जास्त वेळ दुसऱ्या वर्षाच्या मुलींबरोबर कँटीनमध्ये बसा. मी हे प्रश्न विचारले होते: आयसीयूत दिवसभर हजर असणारे इन्टेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर, आहेत का? राऊंडला तुम्हाला बोलायला लावतात, की फाइल धरून मागे उभं करतात? एबीजीचं (धमनीतल्या रक्तातले वायू तपासायचं) मशीन युनिटमध्ये आहे की सॅम्पल घेऊन लॅबला धावावं लागतं? लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या प्रोसिजरच्या नोंदवहीवर, सही कोण करतं, आणि करताना प्रोसिजर पाहतं का? स्टाफ कमी पडला की तुम्हाला कुठे टाकतात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. काही ठिकाणी या विद्यार्थिनी म्हणजे कमी पगारातला स्टाफ असं धरून चालतात आणि दोन वर्षं नुसतं ओव्हर (ड्यूटी बदलताना पेशंटचा ताबा) घेण्यात आणि देण्यात जातात. अशा जागी मोठी इमारत असली तरी जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट साधा, गर्दीचा सरकारी दवाखाना, जिथे एखादे वेडे सर किंवा मॅडम रात्री अकरा वाजता बेडपाशी उभं राहून शिकवतात, तिथे दोन वर्षांचं सोनं होतं.

पैसा आणि घर

नियमानुसार सेवेत असलेल्यांना त्यांचा पगार चालू राहतो आणि बाकीच्यांना त्या हॉस्पिटलच्या वेतनरचनेप्रमाणे द्यायचं असतं. कागदावर हे आहे. प्रत्यक्षात किती मिळतं आणि किती तारखेला मिळतं हे सीनियरलाच विचारा. सरकारी सेवेत असाल तर अध्ययन रजेचा किंवा प्रतिनियुक्तीचा अर्ज वर्षभर आधी फिरू द्या आणि बाँड किती वर्षांचा ते वाचून सही करा. कंत्राटी असाल तर परत आल्यावर जागा मिळेल का, हे लेखी मागा. तोंडी ‘बघू ना सिस्टर’ यावर नोकरी सोडू नका.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलच्या यादीत तुमचं कॉलेज आणि नेमका हा कोर्स दिसतो का ते प्रवेशाआधी तपासा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम. यातलं आपल्याला काय लागू होतं ते समाज कल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. माझ्या बाबतीत पहिले चार महिने हातात काहीच आलं नाही. तुरीचे पैसे आले तेव्हा भावाने मेसचे भरले. म्हणून निदान सहा महिन्यांचं जेवण-भाडं गाठीला असू द्या.

घरी विरोध होईलच. माझी मावशी म्हणाली, ‘बाई, नोकरी हाये, लेकरू हाये, आता पुन्हा शाळेत काहून जाऊन राह्यली वं?’ मी वाद घातला नाही. माझ्या तीन वर्षांच्या लेकीला माझ्या मायजवळ ठेवलं, आणि घरच्या सगळ्यांना समोर बसवून दोन वर्षांचा हिशेब मांडला: कोणत्या महिन्यात परीक्षा, कधी ऑफ मिळेल, कोण पैसे पाठवेल, लेकराला ताप आला तर तालुक्याला कोण नेईल. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा निघाला. नाव ठरलेलं होतं, म्हणून मला नाइटमध्ये फोन आले नाहीत.

प्रवेशाआधीचं वर्ष

आयसीयूतला तो एक वर्षाचा अनुभव नुसता भरून काढू नका. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक ड्यूटीला एकच पेशंट लिहा. एकच. वय, आजार, व्हेंटिलेटरचं सेटिंग, चालू असलेली औषधं, आणि खाली एक प्रश्न जो तुम्हाला पडला. घरी गेल्यावर त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधा. कोर्समध्ये वेगळा अभ्यासाला वेळ मिळत नाही. जे शिकायचं ते ड्यूटीतच, समोरच्या बेडवरून. ही सवय आधीच लागलेली असेल तर दोन वर्षं निभतात, नसेल तर पहिल्या सेमिनारलाच दम लागतो.

हिशेबही याच वर्षी पक्का करा. समजा पेशंट ५० किलोचा. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनलीन ४ मिलिग्रॅम भरलं, म्हणजे मिलीमागे ८० मायक्रोग्रॅम. ऑर्डर आहे किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. मिनिटाला ५, तासाला ३००, भागिले ८०. पंप तासाला ३.७५ मिलीवर. हे मोबाइल न काढता करता आलं पाहिजे. आणि ॲम्प्यूलचं लेबल वाचा: त्यावर नॉरॲड्रेनलीन बायटार्ट्रेट २ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर मूळ नॉरॲड्रेनलीन १ मिलिग्रॅमच असतं. इथे चूक झाली की डोस थेट अर्धा किंवा दुप्पट. एबीजीचे नेहमीचे आकडेही तोंडपाठ हवेत: पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६.

इंग्रजीची भीती

माझं बारावीपर्यंतचं शिक्षण जिल्हा परिषद आणि तालुक्याच्या शाळेत झालं. इंग्रजी वाचता यायचं, बोलताना जीभ टाळूला चिकटायची. राऊंडला तोंड उघडत नाही म्हणून मला काही येत नाही असा समज झाला. त्यावर मला लागू पडलेला उपाय अगदी साधा होता. एक सांगाडा पाठ केला आणि रोज त्यात फक्त पेशंट बदलला. ‘बेड फोर, फोर्टी इयर मेल, ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग, डे टू, ऑन व्हेंटिलेटर.’ मग रात्रीत काय बदललं. मग मला काय वाटतं. मग मला काय हवं. चार टप्पे, चार-पाच वाक्यं. हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन मोठ्याने म्हणायचे. पंधरा दिवसांत सरांनी मान वर करून ऐकायला सुरुवात केली.

पुस्तकं इंग्रजीच आहेत. प्रगत पॅथोफिजिओलॉजी, फार्माकोलॉजी आणि हेल्थ असेसमेंट हे तीन विषय आधी धरा, बाकी क्रिटिकल केअरचं सगळं त्यांच्यावर उभं राहतं. कळलेलं मराठीत शेजारणीला समजावून सांगा. समजावताना जिथे अडाल, ती जागा पुन्हा वाचा.

आपल्या गावचं ज्ञान सोबत न्या

हे मी मुद्दाम सांगते, कारण शहरातल्या मुलींसमोर आपल्याला उगाच कमीपणा वाटतो. फवारणीचा पेशंट आला की कोणतं औषध मारलं, पंप पाठीवरून गळत होता का, कपडे बदलले का, हे आपण जितक्या लवकर काढून घेतो तितकं कोणी काढत नाही. ‘मोनो मारलं का?’ (म्हणजे मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक) या एका प्रश्नाने अर्धं निदान होतं.

माझ्या पहिल्या अशा पेशंटपाशी मी टॉर्च घेऊन डोळ्यांच्या बाहुल्याच बघत बसले होते. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, ‘बगलेत हात घातला का?’ घातला. ओलीचिंब. छातीला स्टेथोस्कोप लावला, बुडबुडे. बाहुल्या थोड्या मोठ्या झाल्या म्हणून ॲट्रोपिन पुरलं असं मी समजत होते. छाती स्वच्छ झाली, बगल कोरडी झाली, नाडी आणि बीपी जागेवर आलं की पुरलं असं धरायचं. त्या दिवसापासून मी अशा पेशंटची बगल आधी बघते.

दुसरा आपला पेशंट मण्यारीचा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, दंशाची खूण सापडत नाही, पापण्या पडायला लागतात. कॅज्युअल्टीत कोणी ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन बसवतं. अशा वेळी त्याला एका श्वासात आकडे मोजायला लावा. दहा-बाराच्या पुढे जात नसेल तर श्वासाचे स्नायू थकताहेत, लगेच कळवा. आणि तो व्हेंटिलेटरवर गेल्यावर, पापणीही हलत नाही म्हणून शुद्ध नाही असं समजू नका. त्याला सगळं ऐकू येत असतं. अशाच एका पेशंटच्या कानाशी मी सांगायची, ‘भाऊ, तुमचा भाचा बाहेर बसला आहे, मशीन श्वास देत आहे, विष उतरलं की डोळे उघडतील.’ बरा झाल्यावर त्याने मला आवाजावरून ओळखलं.

सिकलसेलचं संकट, गडचिरोलीकडचा फॅल्सिपेरम मलेरिया, स्क्रब टायफस, मे महिन्यातला उष्माघात हे सगळं तुमच्या ओळखीचं आहे. सेमिनारला विषय निवडायची वेळ आली की यातलेच घ्या.

पहिले तीन महिने आणि नाइट

पहिला महिना सगळ्यांचा वाईट जातो. तुम्ही तीन-चार वर्षांच्या अनुभवी सिस्टर असाल, पण इथे स्टाफ तुम्हाला विद्यार्थी म्हणतो, रेसिडेंट डॉक्टर नर्स म्हणतात, आणि तुमचं नेमकं काम कोणालाच ठाऊक नसतं. युनिटच्या इन्चार्ज सिस्टरशी पहिल्याच आठवड्यात बसून बोला. त्यांच्या स्टाफच्या कामात तुमची मदत होईल, आणि बदल्यात प्रोसिजरच्या वेळी त्या तुम्हाला बोलावतील, एवढं ठरलं तरी पुष्कळ. वॉर्डातल्या मावशी आणि मामा लोकांची (मदतनीस कर्मचाऱ्यांची) नावं लक्षात ठेवा. युनिटमध्ये कोणती वस्तू कुठे असते ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

लॉगबुक त्याच दिवशी भरा. शनिवारी भरते म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीला वर्षाअखेरीस चाळीस सह्या गोळा करत फिरावं लागलं, त्यातले दोन डॉक्टर तोवर सोडून गेले होते.

हॉस्टेलची खोली शक्यतो तळमजल्याची मागा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गच्चीखालच्या खोलीत नाइट करून दिवसा झोप लागत नाही. मी कूलर पहिल्याच उन्हाळ्यात सेकंडहँड घेतला, त्या वर्षीची सगळ्यात चांगली खरेदी तीच. नाइटला जाताना भाकर-भाजी डब्यात न्या, पहाटे तीनला चहा-बिस्किटांवर डोकं चालत नाही. आणि नाइट संपवून लगेच दुचाकीवर गावी निघू नका. एसटीने जा, झोप लागली तर लागू द्या.

खचायला होतं, विशेषतः आपल्याच वयाचा पेशंट गेला की. अशा वेळी बोलायला एक माणूस ठरवून ठेवा. झोप आठवडाभर येत नसेल, जेवण जात नसेल, तर आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा. तिथे जायला लाजण्यासारखं काही नाही, मी गेले होते.

प्रबंध

विषय पहिल्या वर्षातच ठरवा आणि लहान ठेवा. ज्याचे पेशंट तुमच्या युनिटमध्ये रोज येतात, ज्याची मोजणी तुम्ही एकट्याने करू शकता असा. एथिक्स कमिटीच्या बैठका रोज होत नाहीत, एक चुकली की पुढच्या तारखेची वाट पाहावी लागते. सर्पदंशावर विषय घेतलात तर माहिती गोळा करण्याचे महिने पावसाळ्यात येतील असं बघा. हिवाळ्यात सुरुवात केली तर हाती थोडेच पेशंट लागतील.

निकालानंतर

वाढीव शैक्षणिक पात्रतेची नोंद कौन्सिलकडे करून घ्या. लॉगबुकची साक्षांकित प्रत जवळ ठेवा. नर्स प्रॅक्टिशनर याच नावाच्या जागा आपल्या भागात अजून फार कमी आहेत, त्यामुळे कायम नोकरी असेल तर ती टिकवून परत जाणं शहाणपणाचं. पण परत जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. वरिष्ठांसमोर एक प्रोटोकॉल लिहून ठेवा, त्यात तुम्ही काय कराल आणि डॉक्टरांना कधी बोलवाल ते स्पष्ट असू द्या, आणि त्यावर त्यांची सही घ्या.

मी पहिला कागद सर्पदंशाचा नेला. त्यात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी होती: दोन मिली ताजं रक्त, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत, वीस मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरपी करून बघायची. सरांनी वाचलं, सही केली आणि विचारलं, ‘काचेची नळी आहे का आपल्याकडे?’ स्टोअरमध्ये बघितलं तर सगळ्या प्लास्टिकच्या. प्लास्टिकमध्ये या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. त्याच दुपारी मी इंडेंट (मागणीचा फॉर्म) भरला: टेस्ट ट्यूब, काचेच्या, नग पन्नास.